घरच्या कन्सोलसाठी आर्केड जॉयस्टिक: स्वतः बांधण्याची रीत

आर्केड जॉयस्टिक बांधायची ठरवली की बहुतेक जण आधी लीव्हर, म्हणजे दिशा देणारी दांडी, आणि बटणे विकत घेतात, मग पेटीकडे वळतात, आणि सगळे जोडून झाल्यावर आपला कन्सोल हे उपकरण ओळखेल का, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहतो. हा क्रम उलटा असायला हवा. आधी कन्सोल, मग त्याला चालणारा बोर्ड, मग आपल्या हाताला मानवणारी बटणांची मांडणी आणि त्यानंतर लीव्हर, बटणे व पेटी, असे काम केले तर पैसे वाया जात नाहीत आणि तयार झालेली वस्तू पुढची कित्येक वर्षे वापरता येते. या सगळ्यात मांडणीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण महागडी बटणे चुकीच्या जागी बसवली तर ती हाताला कधीच सोयीची होत नाहीत, आणि साधी बटणेसुद्धा योग्य जागी असली तर तासन्‌तास खेळूनही मनगट दुखत नाही.

जॉयस्टिकच्या आत चालते ते काम अगदी साधे आहे. १९७७ साली अटारी २६०० हा कन्सोल आला, तेव्हा त्याच्या नऊ पिनांच्या जोडणीत चार दिशांसाठी चार तारा, फायर बटणासाठी एक तार आणि या सर्वांसाठी मिळून एक ग्राउंड, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, होते. दांडी डावीकडे कलली की डाव्या दिशेची तार ग्राउंडला टेकत असे आणि कन्सोल तेवढेच वाचत असे. आजच्या आर्केड स्टिकमध्येही प्रत्येक बटण म्हणजे तार ग्राउंडला टेकवणारा एक स्विच असतो. फरक इतकाच की स्विच आणि कन्सोल यांच्यामध्ये आता एक छोटा बोर्ड बसतो, आणि कोणते बटण दाबले गेले हे तो युएसबीवरून कन्सोलला कळवतो. हे तत्त्व एकदा नीट समजले की पुढच्या वायरिंगची भीती उरत नाही.

कन्सोल आणि बोर्ड

या लेखात मी निन्टेन्डो स्विच, संगणक आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर उभारलेले जुन्या खेळांचे कन्सोल, या तिन्हींवर चालेल अशी जॉयस्टिक गृहीत धरली आहे, कारण ही तिन्ही यंत्रे बाहेरचा बोर्ड विनातक्रार स्वीकारतात. त्यासाठी रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे मुक्त-स्रोत फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारे सॉफ्टवेअर, ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटते. पिको जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला बाजारात आला. त्यावरची आरपी२०४० ही चिप या कामासाठी गरजेपेक्षा जास्तच सक्षम आहे, आणि या फर्मवेअरमुळे ती दर सेकंदाला एक हजार वेळा कन्सोलला आपली स्थिती कळवू शकते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलीसेकंद टिकते, त्यामुळे एका मिलीसेकंदाचा हा विलंब खेळणाऱ्याला जाणवत नाही.

सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या कन्सोलचे गणित वेगळे आहे. प्लेस्टेशन ४ जोडलेल्या उपकरणाची ओळख तपासतो. अधिकृत ओळख नसलेला बोर्ड त्यावर आठ मिनिटे चालतो आणि नंतर कन्सोल त्याचे ऐकणे थांबवतो. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या एक्सबॉक्सवर तर ओळख पटल्याशिवाय सुरुवातच होत नाही. ज्यांना या कन्सोलवर खेळायचे आहे त्यांनी ब्रूक या तैवानी कंपनीचा युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड घ्यावा, किंवा त्या कन्सोलसाठी बनवलेला एखादा वायरचा अधिकृत पॅड, म्हणजे हातात धरायचा कंट्रोलर, उघडून त्याच्याच बोर्डवर आपली बटणे जोडावीत. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण त्यासाठी सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. पॅड उघडण्यापूर्वी त्याच्या सर्व बटणांचे ग्राउंड एकच आहे का, याची माहिती काढावी आणि उघडल्यावर मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. ज्या पॅडवर प्रत्येक बटणाची एक बाजू युएसबीच्या ऋण तारेला जोडलेली सापडते, तोच पॅड या कामाला घ्यावा.

बाजारात ‘झिरो डिले’ या नावाने मिळणारे स्वस्त बोर्डही आहेत. त्यांच्यासोबत तयार तारा येतात, सोल्डरिंग करावे लागत नाही, आणि संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर ते व्यवस्थित चालतात. मुलांसाठी जुने खेळ लावून द्यायचे असतील तर त्यांनी काम भागते. नावात शून्य विलंब असला तरी प्रत्यक्षात तो शून्य नसतो, म्हणून अचूक वेळेवर अवलंबून असलेल्या मारामारीच्या खेळांसाठी मी ते सुचवणार नाही.

लीव्हर आणि बटणे

लीव्हरच्या तीन ठळक परंपरा आहेत. जपानी लीव्हरच्या टोकाला ३५ मिलिमीटरचा गोळा असतो, त्याची स्प्रिंग हलकी असते आणि तो बोटांच्या टोकांनी फिरवला जातो. अमेरिकी लीव्हरला खाली निमुळती होत जाणारी लांबट मूठ असते आणि तो संपूर्ण पंजाने धरला जातो. कोरियन लीव्हरमध्ये दांडी मध्यभागी परत आणण्याचे काम स्प्रिंगऐवजी रबराचे कडे करते, त्यामुळे ती सोडताक्षणी झटकन जागेवर येते, आणि टेकेन हा मारामारीचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये या लीव्हरची विशेष आवड आहे. पहिली जॉयस्टिक बांधणाऱ्याने सानवा या जपानी कंपनीचा जेएलएफ हा लीव्हर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सर्वांत उत्तम आहे असे मी म्हणत नाही, पण त्याचा प्रत्येक सुटा भाग मिळतो, स्प्रिंगपासून गेटपर्यंत सगळे बदलता येते, आणि पाच तारांची एकच जोडणी असल्यामुळे वायरिंग सोपे होते. त्याची हुबेहूब दिसणारी नक्कल बाजारात भरपूर आहे, म्हणून किंमत संशयास्पद वाटण्याइतकी कमी असेल तर तो लीव्हर घेऊ नये.

लीव्हरच्या तळाशी दांडीची हालचाल अडवणारी एक चौकट असते, तिला गेट म्हणतात. जेएलएफसोबत चौकोनी गेट येतो. चौकोनाचे कोपरे तिरक्या दिशांना असल्यामुळे तिरकी दिशा नेमकी सापडते. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना हलकीशी खाच जाणवते आणि नवख्या हाताला ती सुखावह वाटते. तरीही चौकोनी गेटची सवय होईपर्यंत धीर धरावा, कारण दांडी गेटच्या भिंतीवर घासत फिरवण्यापेक्षा स्विचचा टिक आवाज झाला की तिथूनच वळवण्याची सवय हाताला लागणे जास्त मोलाचे आहे.

बटणांची संख्या खेळावरून ठरवावी. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्या खेळाला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, एक मारण्याचे आणि एक उडीचे अशा दोनच बटणांवर चालत असे. त्याच कंपनीच्या १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला मात्र तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणे लागतात. आजच्या कन्सोलच्या पॅडवर दर्शनी चार आणि खांद्यावरची चार मिळून आठ बटणे असतात, त्यामुळे चार-चारच्या दोन ओळी ही सर्व खेळांना पुरणारी मांडणी ठरते. ही आठही बटणे ३० मिलिमीटर व्यासाची घ्यावीत, आणि स्टार्ट, सिलेक्ट व होम यांसाठी २४ मिलिमीटरची तीन बटणे घ्यावीत.

बटणे दोन प्रकारे बसतात. सानवाच्या ओबीएसएफ मालिकेतली बटणे दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांवर अडकतात आणि ती दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पातळ पत्र्यासाठी असतात. जाड लाकडात ते चिमटे उघडतच नाहीत आणि बटण सैल राहते. लाकडी पृष्ठभाग ठेवायचा असेल तर मागून चकती आवळून बसणारी ओबीएसएन मालिकेतली बटणे घ्यावीत, आणि चकतीसाठी आटे पुरेसे उरतात का हे आपल्या लाकडाची जाडी मोजून आधीच पाहावे.

पुठ्ठ्याचा नमुना

या टप्प्याला हवा तितका वेळ द्यावा. ३८० गुणिले २४० मिलिमीटर मापाचा जाड पुठ्ठा कापून घ्यावा, त्याखाली साधारण ६५ मिलिमीटर उंचीचे पुस्तकांचे गठ्ठे किंवा खोके ठेवावे, आणि आपण खेळताना प्रत्यक्ष जसे बसतो तसेच बसावे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. परदेशी आराखडे बहुधा टेबलावर किंवा खुर्चीत बसून मांडीवर ठेवण्यासाठी केलेले असतात. आपल्याकडे अनेक जण जमिनीवर मांडी घालून खेळतात, तेव्हा पेटी दोन गुडघ्यांवर टेकते आणि कोपर टेबलावर असते त्यापेक्षा खाली येते. अशा बैठकीत रुंदी कमी पडली तर पेटी दोन्ही गुडघ्यांवर एकाच वेळी टेकत नाही आणि डोलत राहते. म्हणून रुंदीचा अंतिम आकडा आराखड्यावरून न घेता आपल्या बैठकीवरून घ्यावा.

आता उजवा हात पुठ्ठ्यावर सैल ठेवावा, बोटे ताणू नयेत किंवा मुडपू नयेत, आणि चार बोटांची टोके जिथे आपोआप टेकतात तिथे पेन्सिलीने खुणा कराव्यात. मधले बोट सर्वांत लांब असल्यामुळे त्याची खूण सर्वांत वर येते, तर्जनीची तिच्यापेक्षा बरीच खाली येते, आणि अनामिका व करंगळीच्या खुणा पुन्हा खाली उतरतात. व्ह्यूलिक्ससारख्या जपानी आर्केड यंत्रांवरील बटणांची ओळ सरळ नसून किंचित वळलेली दिसते, तिचे कारण हेच आहे. या खुणांवरून पहिली ओळ ठरवावी आणि तिच्याखाली सुमारे ३८ मिलिमीटरवर दुसरी ओळ घ्यावी. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांमधले आडवे अंतर ३६ मिलिमीटर ठेवावे. बटणाची वरची कड भोकापेक्षा मोठी असते, त्यामुळे हे अंतर फार कमी केले तर कडा एकमेकींवर चढतात.

लीव्हरचे केंद्र आणि पहिल्या बटणाचे केंद्र यांत ६० ते ७० मिलिमीटर अंतर बहुतेक हातांना सोयीचे जाते, पण रुंद खांद्यांच्या माणसाला याहून जास्त अंतर हवेसे वाटू शकते. दोन्ही मनगटे एकमेकींकडे वळत असतील तर अंतर वाढवावे. लीव्हर आणि बटणे पेटीच्या पुढच्या कडेपासून इतकी आत असावीत की तळव्याची मागची बाजू पूर्णपणे पृष्ठभागावर विसावेल. २४० मिलिमीटर खोलीच्या पेटीत लीव्हरचे केंद्र पुढच्या कडेपासून सुमारे १३० मिलिमीटरवर घेतले तर हे साधते. स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे अगदी वरच्या कोपऱ्यात, खेळताना हात चुकूनही पोचणार नाही अशा जागी ठेवावीत, कारण स्पर्धेत अनवधानाने खेळ थांबवला गेला तर फेरी गमवावी लागू शकते.

खुणा झाल्यावर पुठ्ठ्यावर बाटल्यांची झाकणे चिकटवावीत आणि एखादा आवडता खेळ समोर चालू ठेवून त्या झाकणांवर बोटे चालवून पाहावीत. दोन-तीन दिवस नमुना असाच वापरावा, कारण थकल्यावर हात कुठे सरकतो हे पहिल्या दिवशी कळत नाही.

पेटी

पृष्ठभागासाठी मी दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा सुचवतो. ३८० गुणिले २४० मापाच्या अशा पत्र्याचे वजन भोके धरून सुमारे १.३ ते १.४ किलो भरते, आणि हे वजन उपयोगाचे आहे, कारण हलकी पेटी जोरात खेळताना मांडीवरून सरकते. पुठ्ठ्यावरची मापे संगणकावर डीएक्सएफ या आराखड्याच्या फाइलमध्ये उतरवून कोणत्याही लेझर कटिंग करणाऱ्या कारखान्याकडे दिली तर भोकांसकट पत्रा कापून मिळतो. भोसरीसारख्या औद्योगिक भागात असे कारखाने पुष्कळ आहेत. पावडर कोटिंग करून घ्यायचे असेल तर भोके ३०.२ किंवा ३०.३ मिलिमीटरची मागावीत, कारण कोटिंगचा थर भोकाच्या आतल्या कडेवरही चढतो आणि अचूक ३० मिलिमीटरच्या भोकात मग बटण शिरत नाही. लीव्हरच्या दांडीसाठी २४ मिलिमीटरचे भोक पुरते. लीव्हरच्या चार स्क्रूंच्या भोकांची जागा मात्र लीव्हर पत्र्याखाली धरून ठेवणाऱ्या, हातात आलेल्या प्लेटवरून मोजूनच फाइलमध्ये घालावी.

पत्रा नको असेल तर लेझरने कापलेले अॅक्रिलिकही चालते, परंतु तीन मिलिमीटरचे अॅक्रिलिक एकटे वापरू नये. आधाराविना ते तळव्याखाली लवते आणि कालांतराने भोकाच्या कडेपासून तडकते. त्याचा खरा उपयोग पत्र्याच्या वर आवरण म्हणून आहे, म्हणजे दोघांच्या मध्ये आपल्या आवडीचे छापील चित्र ठेवता येते. तेव्हा आवरण आणि पत्रा यांची एकत्रित जाडी बटणाच्या चिमट्यांना झेपेल इतकीच असावी.

चौकटीसाठी १२ मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे प्लायवूड घ्यावे. ६५ मिलिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या लागतात: पुढच्या आणि मागच्या बाजूस ३८० मिलिमीटरच्या दोन, आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या २१६ मिलिमीटरच्या दोन. घरी करवतीने कापण्यापेक्षा प्लायच्या दुकानातच कटिंग मशीनवर त्या कापून घेतल्या तर कडा काटकोनात येतात. कोपरे फेव्हिकॉलने चिकटवून गुण्याने तपासावेत, आणि शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवावेत. आतल्या चारही कोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे बसवावेत, म्हणजे वरचा पत्रा आणि खालचा तळ यांचे स्क्रू त्या ठोकळ्यांत पकड घेतात. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला तर थर सुटतात. चौकट पॉलिश पेपरने घासून, भेगांत लांबी भरून रंगवता येते, किंवा बाहेरून सनमायका लावता येतो. मांडीवर घासणाऱ्या पुढच्या वरच्या कडेला मात्र नक्की गोलाई द्यावी.

मागच्या पट्टीवर युएसबीसाठी न्यूट्रिकचा चौकोनी प्लेटचा सॉकेट बसवावा. त्याला २४ मिलिमीटरचेच भोक लागते, म्हणून एका होल-सॉमध्ये काम होते. त्यामुळे केबल पेटीतून कायमची लोंबत राहत नाही, आणि कोणाचा पाय अडकला तर बोर्डची नाजूक जोडणी तुटण्याऐवजी केबल सॉकेटमधून निघून येते. तळासाठी सहा मिलिमीटरचे प्लाय पुरते. ते स्क्रूने बसवावे, चिकटवू नये, आणि त्याच्या खालच्या बाजूला न घसरणारी रबर शीट लावावी.

बोर्ड तयार करणे आणि तारा जोडणे

पेटीला हात लावण्यापूर्वी बोर्ड चालतो का ते पाहावे. पिकोवरचे बूटसेल हे बटण दाबून धरून तो संगणकाला जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसू लागतो. जीपी२०४०-सीईची पिकोसाठी असलेली यूएफ२ फाइल त्यात टाकताच तो स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि संगणकाला गेम कंट्रोलर म्हणून दिसतो. आता वायरचा एक छोटा तुकडा घेऊन त्याचे एक टोक कोणत्याही ग्राउंड पिनला आणि दुसरे जीपी०२ या पिनला टेकवावे. संगणकाच्या कंट्रोलर चाचणीच्या खिडकीत ‘वर’ ही दिशा उमटली तर बोर्ड उत्तम आहे. या फर्मवेअरच्या मूळ रचनेत जीपी०२ वर, ०३ खाली, ०४ उजवीकडे आणि ०५ डावीकडे असते. खालच्या ओळीतल्या चार बटणांसाठी डावीकडून अनुक्रमे ०६, ०७, ०८ आणि ०९, तर वरच्या ओळीसाठी १०, ११, १२ आणि १३ या पिना येतात. सिलेक्टसाठी १६, स्टार्टसाठी १७ आणि होमसाठी २० ही पिन आहे. ही मांडणी पुढे बदलता येते, म्हणून तार एखाद्या वेगळ्या पिनला लागली तरी सोल्डर काढत बसावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. पिकोच्या या सर्व पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्याच बोर्डवर युएसबीतून आलेल्या ५ व्होल्टचीही एक पिन आहे. त्या पिनला कोणतीही तार लावू नये. बटणांना वीज द्यावी लागत नाही, त्यांना फक्त आपापली पिन आणि ग्राउंड हवे असते. पिन एरवी ३.३ व्होल्टवर ओढून धरण्याचे काम चिपच्या आतच होते, त्यामुळे वेगळे रेझिस्टरही लागत नाहीत.

सोल्डरिंग टाळायचे असेल तर आधीच पिना बसवलेला पिको एच आणि त्यासाठी मिळणारा स्क्रू टर्मिनलचा बोर्ड घ्यावा. सोल्डर करणाऱ्यांनी तार बारीक तारांची, म्हणजे मल्टिस्ट्रँड घ्यावी, कारण एकाच जाड तांब्याची तार सतत हादरे बसल्याने सोल्डरच्या तोंडाशी तुटते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत या तारा, टर्मिनल आणि पिको, तिन्ही सापडतात. सानवाच्या बटणांना २.८ मिलिमीटरची मादी स्पेड टर्मिनल लागतात आणि अमेरिकी पद्धतीच्या स्विचना ४.८ मिलिमीटरची. दुकानात बटण सोबत नेऊन टर्मिनल घट्ट बसते का ते पाहूनच घ्यावे.

प्रथम ग्राउंडची माळ करावी. एकाच लांब तारेवर अकरा बटणांसाठी अकरा टर्मिनल क्रिंप करावीत, म्हणजे पकडीने दाबून बसवावीत, आणि शेवटचे टोक पिकोच्या ग्राउंडला न्यावे. बटणाच्या दोन पात्यांपैकी ग्राउंड कोणत्याही पात्याला लावले तरी चालते, कारण बटण हा केवळ स्विच आहे आणि त्याला उलट-सुलट बाजू नसते. मग उरलेल्या प्रत्येक पात्यापासून एकेक तार तिच्या पिनपर्यंत न्यावी. ग्राउंडसाठी काळी तार वापरावी आणि बाकीच्या तारांच्या दोन्ही टोकांना बटणाचे नाव लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळावी. तारा थोड्या लांबच ठेवाव्यात, म्हणजे एखादे बटण बदलताना ते बाहेर ओढून घेता येते.

लीव्हर बसवताना दांडीच्या तळाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर धरून वरचा गोळा फिरवून काढावा, दांडी भोकातून वर घ्यावी, धूळ अडवणारी चकती घालावी आणि गोळा पुन्हा आवळावा. गोळ्याच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत साधारण २३ ते २४ मिलिमीटर अंतर असले की दांडी हाताला नैसर्गिक वाटते. पातळ पत्र्याखाली लीव्हर थेट आवळला तर दांडी यापेक्षा उंच राहते, म्हणून प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये स्पेसर घालून लीव्हर खाली घ्यावा आणि तितके लांब स्क्रू वापरावेत.

लीव्हरच्या पाच तारांपैकी एक ग्राउंड आणि चार दिशांच्या असतात. इथे अनेक जण गोंधळतात, कारण दांडी मधल्या बिंदूवर टेकून हलते, त्यामुळे ती वरून डावीकडे कलली की तिचा खालचा भाग उजवीकडे जातो आणि उजव्या बाजूचा स्विच दाबला जातो. शिवाय लीव्हर पेटीत कोणत्या बाजूला तोंड करून बसवला यावरही तारांचा क्रम बदलतो. रंगांवर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर बझरवर ठेवावा, एक टोक ग्राउंडच्या तारेला लावावे, दांडी एकेका दिशेला धरावी आणि कोणत्या तारेवर बझर वाजतो ते लिहून घ्यावे.

पिकोला चार कोपऱ्यांत दोन मिलिमीटरच्या स्क्रूंसाठी भोके आहेत. तो नायलॉनच्या स्टँडऑफवर, म्हणजे बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांवर, मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूस बसवावा. पत्र्याला त्याचा स्पर्श होता कामा नये, आणि तो तळावरही बसवू नये, कारण तळ उघडताना दर वेळी तारा ताणल्या जातात. तारांचे झुपके केबल टायने बांधून चौकटीला अडकवावेत, म्हणजे लीव्हरच्या खालच्या टोकात त्या अडकत नाहीत. दांडी पूर्ण गोल फिरवून तिला काही लागत नाही ना, हे तळ लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

जुळवाजुळव

केबल जोडताना खालच्या ओळीतले पहिले बटण दाबून धरले तर बोर्ड स्वतःची ओळख निन्टेन्डो स्विचचा कंट्रोलर अशी करून देतो, आणि दुसरे दाबून धरले तर संगणकासाठीच्या एक्सइनपुट पद्धतीत जातो. ही निवड तो लक्षात ठेवतो, म्हणून कन्सोल बदलतानाच ती पुन्हा करावी लागते. स्टार्ट दाबून धरून संगणकाला जोडले की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ या पत्त्यावर त्याचे पान उघडते आणि तिथे बटणांच्या जागा बदलता येतात. स्विचच्या धातूची पाती एकदा दाबली तरी काही मिलीसेकंद थरथरतात. हे थरथरणे गाळण्याचा काळही याच पानावर ठरवता येतो. एका दाबात दोन ठोसे पडू लागले तरच तो वाढवावा, अन्यथा मूळ आकडा ठेवावा.

एखादे बटण चालत नसेल तर दोष बहुधा टर्मिनलमध्ये असतो. बटण खालून उघडे ठेवून त्याची दोन्ही पाती वायरच्या तुकड्याने जोडून पाहावीत. दिशा किंवा ठोसा उमटला तर तार ठीक आहे आणि बटण बदलावे लागेल. उमटला नाही तर टर्मिनल पुन्हा क्रिंप करावे. एका बटणापासून पुढची सगळी बटणे एकदम बंद पडली असतील तर त्या बटणापाशी ग्राउंडची माळ तुटली आहे असे समजावे.

नियमित खेळणाऱ्याच्या लीव्हरमध्ये काही महिन्यांनी कोरडेपणा जाणवू लागतो. तळ उघडून, दांडीच्या खालच्या टोकाची छोटी चिमटा-क्लिप काढून, दांडीचा गोलाकार भाग फडक्याने पुसावा आणि त्यावर प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावे. क्लिप उडून हरवते, म्हणून ती काढताना वर बोट ठेवावे आणि एक जादा क्लिप पेटीतच, चिकटपट्टीने आतल्या भिंतीला लावून ठेवावी.